मुलगी वाचते

पांढरी पट्टी. बाबांच्या लॅपटॉपच्या वरच्या काठाशी, कॅमेऱ्याच्या बारक्या डोळ्यावर चिकटवलेली, नखाएवढी, कडा कात्रीनं नीट कापलेल्या — आणि ती पाहताना तिला एवढंच वाटलं की ही काळी असायला हवी. इतकी वर्षं तिथे काळी होती, तारांच्या जोडांवर गुंडाळतात ती. निवृत्तीच्या दिवशी बाबा टेलिफोन खात्यातून त्या काळ्या पट्टीची दोन रिळं घेऊन घरी आले होते आणि निरोपाच्या भाषणांपेक्षा त्या रिळांचंच त्यांना कौतुक जास्त होतं.

"काळी संपली का?" तिनं विचारलं. एका हातात चहाचा कप, खांद्याला पर्स.

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एरवीपेक्षा क्षणभर जास्त, असं आता वाटतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

"संपली," ते म्हणाले. "हीसुद्धा चिकटते."

आणि पुन्हा दोन बोटांनी टाइप करत राहिले. स्वयंपाकघरातून आत्यानं विचारलं, आज दादा कुणाची कंपनी बुडवतोय, तर बाबा म्हणाले की आज बुडवत नाही, आज नुसती भिजत घातलीय. आत्या हसली. मुलगी हसली नाही, तिला ऑफिसला उशीर होत होता. ती दारात असताना त्यांनी विचारलं, रात्री जेवायला आहेस ना, आणि ती म्हणाली, बघते. शेवटचा साधा दिवस एवढाच. आणखी काही सापडतं का म्हणून तिनं तो इतक्या वेळा उलटासुलटा करून पाहिलाय की त्यातलं खरं किती आणि नंतर हाताळून हाताळून आलेलं किती, हे आता तिलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना खुर्चीतून उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

इस्पितळाच्या बोळात डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्हाला कल्पना होतीच." हा प्रश्न नव्हता. "गेले नऊ महिने त्यांनी ज्या पद्धतीनं…" असं म्हणून ते थांबले, बहुधा तिच्या चेहऱ्याकडे पाहून. त्यांच्या पलीकडे, उघड्या दारातून, परिचारिका बाबांच्या हातावरची सुई काढत होती. तिनं आधी पट्टी सोलली, पांढरी, कागदी, आणि ती कॉटच्या दांडीला तात्पुरती चिकटवून ठेवली. नऊ महिने. हा आकडा मी त्या बोळात पहिल्यांदा ऐकला, आणि मान हलवली. हो, कल्पना होती. का हलवली? कारण एकाच छताखाली राहून ज्या मुलीला काहीच कळलं नाही अशी मुलगी त्या बोळात उभी आहे, हे त्या परक्या माणसाला कळू नये म्हणून. एवढ्यासाठीच. आणि एकदा हललेली मान मग थांबेना. शेजारी आले, बाबांचे जुने सहकारी आले, सगळे म्हणाले, तुला ठाऊक असणारच, आणि ती हो म्हणत गेली. शेवटी आत्यानं विचारलं, चार माणसांसमोर, ओल्या केसांनी, भिंतीला टेकून:

"तुला ठाऊक होतं?"

ती हो म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस, पोरी? माझा भाऊ होता तो."

त्याला सात आठवडे झाले. आत्या अजून तिचा डबा भरते, कपडे घड्या करून पलंगावर ठेवते, पण हाक मारत नाही. काही सांगायचं असलं की खोलीत येऊन भिंतीला सांगते — गॅसवाला येऊन गेला, पाणी चारला जाणार आहे — आणि परत जाते. या घरात भांडण असंच होतं. आवाज चढवायची सवयच कुणाला नाही, आणि ती सवय बाबांनी लावली नाही.

बाबा टेस्टर होते. फोन बंद असल्याची तक्रार आली की त्या लाइनीला दोन चिमटे लावायचे, रिसीव्हर कानाला धरायचा आणि आवाज येतो का ते पाहायचं. आवाज माणसांचाच असायचा. कुणी कुणाला रागावत असायचं, कुणी रडत, कुणी भाजी काय आणू विचारत असायचं. दोन शब्द ऐकू आले म्हणजे लाइन चालू आहे, चिमटा काढायचा. तिसरा शब्द ऐकला तर ती चोरी. असं कुठल्या नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, बाबांच्या साहेबांनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि एकतीस वर्षं बाबा दोन शब्दांवर थांबले. घरीही थांबले. तिच्या वहीतून चिठ्ठी पडली तर ते ती न उघडता पुन्हा वहीत घालायचे. लग्न मोडून ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "खोली तीच चालेल?" एवढंच. त्या वेळी तिला वाटलं होतं की याच्याहून मोठं प्रेम नसतं. अजूनही वाटतं… मधूनमधून.

निवृत्तीनंतर सगळा संताप त्यांनी इंटरनेटवरच्या एका मंचावर नेला. तंत्रज्ञान, कंपन्या, माणसाचे हक्क यांवर तावातावानं भांडणाऱ्या अनोळखी लोकांचा मंच. कुणाचं नाव खरं नाही. बाबांचं नाव 'खांब'. टेलिफोनचा खांब, असं त्यांनी स्वतःच एकदा खुलासा केला होता, फुकट उभा राहणारा. बड्या कंपन्यांना ते जावई-कंपन्या म्हणत: येतात गोड बोलून, बसतात मधोमध, घरातलं सगळं माहीत करून घेतात, आणि नाही म्हणायची सोय नसते. त्यांची सर्वांत गाजलेली लढाई आधीच खूण केलेल्या चौकटीवरची. फॉर्मवर 'मला मान्य आहे' या चौकटीत कंपनीनंच बरोबरची खूण करून ठेवलेली असते, माणूस ती पुसत नाही, आणि त्यालाच कंपनी होकार समजते. खांबनं लिहिलं होतं: मी काही बोललो नाही, याचा अर्थ तुम्ही ठरवू नका. मला विचारा. माझ्याकडे तोंड आहे.

त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी 'तळटीप'. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, प्रत्येक मुद्द्याखाली पुरावे जोडणारा. "खांबसाहेब," तो लिहायचा, "माझ्याकडे दिवसाला दहा गिऱ्हाइकं येतात, त्यातली सात फोनवरचा नकाशा बघत येतात. नकाशा त्याच तुमच्या जावयाचा. आता तुमचं तत्त्व मी कुठल्या फ्रेममध्ये बसवू?" खांब उत्तर द्यायचा की आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या, जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं.

हे तिला ठाऊक होतं, कारण ती वाचत होती. नाव न नोंदवता, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, रोज. बाबांना सांगितलं नव्हतं. घरी जे दोन शब्दांवर थांबायचे ते तिथे पानंच्या पानं बोलायचे, विनोद करायचे, चिडायचे, एकदा तर आईविषयीही लिहिलं होतं — घरातला पहिला फोन आल्यावर ती रिसीव्हर उचलायच्या आधी पदराला हात पुसायची, म्हणे. हे मला तिथे कळलं. माझ्याच आईविषयी. मला राग नव्हता आला; दाराबाहेर उभं राहून आतलं गाणं ऐकावं तसं वाटायचं, आणि आपण तिसरा शब्द ऐकतोय, चौथा ऐकतोय, हजारावा ऐकतोय, याची थोडी लाजही.

मग ती आई आली. माझी नाही… ऑफिसातली.

ती ज्या कंपनीत आहे तिथे तिच्या विभागाकडे मेलेल्या माणसांची खाती येतात. आत त्यांना शांत खाती म्हणतात. नातेवाईक लिहितात, आमच्या माणसाचं खातं उघडून द्या, आणि विभाग लिहितो की खातेदाराच्या खासगीपणाचा आदर राखून आम्हाला ते करता येत नाही. एक बाई दर सोमवारी लिहायची. मुलाचा आवाज तेवढा द्या, बाकी काही नको. तीन नकारांनंतर नियमाप्रमाणे तिची पत्रं यंत्राकडे गेली. उत्तर जायचं, पण वाचत कुणी नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना तिनं हे बाबांना सांगितलं. कधी नव्हे ते सगळं सांगितलं, घास हातात तसाच. बाबांनी नुसतं तिच्या ताटाकडे पाणी सरकवलं.

चौथ्या दिवशी ते मंचावर होतं. 'एक आई दर सोमवारी लिहिते.' तिनं जेवताना सांगितलेलेच शब्द, तिच्याच क्रमानं, अगदी "उत्तर जातं, पण वाचत कुणी नाही" हेही तसंच. कंपनीचं नाव नव्हतं, पण ओळखणाऱ्यांनी ओळखलं, तीनशे प्रतिक्रिया पडल्या, आणि पुढच्या आठवड्यात विभागातल्या नऊ जणांना एकेक करून आत बोलावून एका कागदावर सही घेतली गेली: मी कामातली कोणतीही गोष्ट बाहेर बोललेले नाही. तिनं सही केली. बाहेर आल्यावर हात धुतले. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा तिसरा शब्द ऐकला नाही त्यानं माझं संबंध जेवण उचलून तीनशे माणसांपुढे मांडलं होतं, आणि ते किती छान लिहिलं होतं… त्याचाच जास्त राग आला. तिनं घरी काही म्हटलं नाही. म्हणायचं तर वाचते हे कबूल करावं लागलं असतं. तिनं फक्त दोन गोष्टी केल्या: जेवताना ऑफिसविषयी बोलणं बंद केलं, आणि मंच वाचणं सोडलं. बाबांनी एकदाच विचारलं, "काम बरं चाललंय?" ती म्हणाली, "चाललंय."

आज रविवार. सकाळचे अकरा. बाबांच्या टेबलाशी बसून तिनं स्वतःच्या फोनवर अकरा महिन्यांनी तो मंच उघडला, कारण खांब गेला हे तिथे कुणीतरी सांगायला हवं. तिला वाटलं होतं, दोन ओळी लिहायच्या आणि बंद करायचं. वाचायचं नाही.

वरच एक चर्चा होती, बाबांनी सुरू केलेली, जाण्याच्या नऊ महिने आधी. 'माझी रक्ततपासणी माझ्याआधी कंपनीला कळते.' इस्पितळानं सांगितलं होतं की अहवाल कागदावर मिळणार नाही, ॲप घ्या. खांब म्हणाला, रक्त माझं, कागद द्या. मग पुढचे अकरा दिवस त्याचं युद्ध: कुठल्या खिडकीवर गेलो, कुठला साहेब काय म्हणाला, अर्ज कसा लिहिला. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, कुणीतरी लिहिलं होतं, म्हाताऱ्या, ॲप घे आणि आधी बघ काय आलंय ते. तळटीपनं त्या अकरा दिवसांत एकही पुरावा जोडला नव्हता. तो एवढंच लिहीत होता: खांबसाहेब, हट्ट नंतर. बाराव्या दिवशी खांबनं लिहिलं:

"कागद मिळाला. जिंकलो. मजकूर मात्र चांगला नाही."

तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला. मग पुन्हा उचलला.

त्याखाली नऊ महिने होते. औषध बदललं. इंजेक्शन सुरू झालं, दर मंगळवारी, सकाळी साडेदहाला, मुलगी ऑफिसला गेल्यावर आणि बहीण बाजारात. आजची नर्स विनोदी आहे. हातावर पट्टी आहे ती संध्याकाळपर्यंत काढतो, घरी उगाच प्रश्न नकोत. आज जिना चढताना बसलो, जिन्यालाही चौकट मान्य करायला लावणारा एखादा जावई काढेलच. सुमारे तीनशे माणसं. त्यांतल्या कुणाचं खरं नाव मला माहीत नाही, आणि त्यांना माझ्या बापाच्या रक्तातल्या पेशी आकड्यानिशी पाठ. मी त्याच संध्याकाळी, त्याच मंगळवारी, त्यांच्यासमोर बसून आमटी वाढून घेत होते. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हात लांब केला तर पोचतो…

शेवटच्या पानावर तळटीपची ओळ होती. खांब दिसत नाही. कुणाला ठाऊक असेल त्यानं दुकानात फोन करावा. खाली नंबर. त्याखाली तीच ओळ पुन्हा, आठवड्यानं, आणि पुन्हा.

तिनं फोन लावला. पलीकडे दुकानातला आवाज, कुणीतरी अक्षरं वाचत होतं. "सर्वांत खालची ओळ वाचा," तो म्हणत होता, "अंदाजानं नको, दिसतंय तेवढंच… हॅलो?"

"मी खांब यांची मुलगी," ती म्हणाली. हे वाक्य किती विचित्र आहे हे बोलल्यावर जाणवलं.

मग त्यानं गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बसायला सांगितलं, दार लागल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "गेला?" लगेच सावरून, "गेले?"

तिनं तारीख सांगितली. तो आकडे मोजत असावा. मग बोलत राहिला, मधे मधे थांबत. अकरा वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत शिव्या घातल्या, म्हणाला, आणि या नऊ महिन्यांत कधी अरे-तुरेवर आलो कळलंही नाही. खासगीत रोज लिहायचो. भांडण एकाच गोष्टीवरून.

"कुठल्या?"

"तुमच्या," तो म्हणाला. "मी रोज म्हणायचो, मुलीला सांग. रोज. आणि त्याचं एकच उत्तर. तिला माहीत आहे. मुलगी वाचते."

ती खिडकीकडे पाहत होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकत होतं.

"तुम्ही म्हणे एकदा जेवताना जावई-कंपनी म्हणालात. तो शब्द त्यानं घरात कधी वापरला नव्हता. तेव्हापासून त्याला माहीत होतं तुम्ही वाचता ते. मला म्हणाला, सांगू नकोस कुणाला, पण निम्मं मी तिच्यासाठीच लिहितो. त्या सोमवारच्या बाईचंही त्यासाठीच लिहिलं म्हणाला, की मुलीला कळावं, आपण ऐकलं. समोर बसून बोलणं त्याला…" तो थांबला. "मी म्हटलं, ठीक, वाचते. मग काही बोलली का? तर म्हणाला, नाही बोलली, तीच तर गंमत आहे. दोन शब्द ऐकले आणि चिमटा काढला. माझ्या तालमीतली आहे. अभिमान होता हो त्याला. मी मात्र… रागावू नका, मी म्हणालो होतो, अशी कशी मुलगी. त्यावर पंधरा दिवस त्यानं मला उत्तर दिलं नाही."

तो आणखी काहीतरी म्हणाला, कोपऱ्यातल्या खुर्चीविषयी, की या उन्हाळ्यात खांब दुकानात येणार होता, डोळे तपासायला. तिला ते ऐकू येत होतं आणि आत पोचत नव्हतं. म्हणजे लपवलं नव्हतं. ते इतके दिवस मला सांगत होते. दर मंगळवारी सांगत होते, आणि संध्याकाळी समोर बसून मी आमटी वाढून घेतली की त्यांना वाटायचं, कळलंय हिला, आणि ही मला सांभाळून घेतेय. त्या सकाळी, हातावरून निघालेल्या त्या पट्टीविषयी विचारलं तेव्हा ते जास्त वेळ पाहत राहिले, कारण त्यांना वाटलं, आता ही बोलणार… आणि मी म्हटलं, बघते.

त्यांनी लपवलं म्हणून सात आठवडे तिनं जो राग जपला होता त्याला बसायला जागा उरली नाही, आणि तो गेलाही नाही. उलट एक नवाच, जास्त थंड राग हळूहळू वर येत होता. जन्मभर सगळ्या जगाशी भांडलात, बाबा. माणूस गप्प आहे याचा अर्थ तुम्ही ठरवू नका, म्हणालात, विचारा, म्हणालात, त्याला तोंड आहे. आणि मी गप्प होते तर माझी चौकट तुम्हीच भरलीत. अभिमानानं भरलीत. एकदा विचारलं असतंत. एकदाच, ताटावरून मान वर करून — वाचलंस का गं? मी खोटंही बोलले असते कदाचित. पण विचारायचं होतं.

आणि मी? बोळात मान हलवली ती कुणी हलवली?

"ताई," पलीकडून तो म्हणाला, "एक विचारू? त्याला शेवटपर्यंत खात्री होती. मला नव्हती. तुम्ही वाचत होता ना?"

दारात पावलं वाजली. आत्या आली होती, हात ओला, काहीतरी सांगायला. नेहमीसारखी भिंतीकडे बघून ती म्हणाली की जेवायला वाढलंय. मग तिची नजर फोनवर गेली, तिच्या चेहऱ्यावर गेली, आणि ती सांगून परत जायची ती गेली नाही. फोन कानालाच होता. त्यातला माणूस उत्तराची वाट पाहत होता, आणि दारातली बाई कशाची वाट पाहतेय हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. आता पुन्हा मान हलवता आली असती. दोघांसाठीही एकदाच, थोडीशी, आणि बाबांचा अभिमान होता तसा राहिला असता, त्यांची तालीम, त्यांची मुलगी. आणि आत्या भिंतीशी बोलत राहिली असती.

"आत्या," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला परक्या लाइनीवरून यावा तसा आला, "मला माहीत नव्हतं. मी वाचणं सोडलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आत्या, आणि मी त्यांना विचारलंही नाही."